कोरियाचा अभ्यास नीट करायचाय? ड्रामाच्या पुढची वाट

कोरियन शिकणारे आपल्याकडे आता कमी नाहीत. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा प्लांट ह्युंदाईने घेतला, त्यामुळे पुण्याच्या आसपास भाषा आली की ट्रान्सलेटर म्हणून काम मिळायची शक्यता बरी असते, आणि बाकीचे ड्रामा-गाण्यांच्या नादाने येतात, त्यातही काही वाईट नाही. पण त्यातल्या काहींना मधेच प्रश्न पडायला लागतात, की हा राजा खरंच असा होता का, हे काळ्या टोप्यांचे विद्वान पोतंभर अर्ज घेऊन राजवाड्यासमोर उन्हात का बसतात, बुद्धविहार सगळे डोंगरातच कसे. हा लेख अशांसाठी. युनिव्हर्सिटीत याला कोरियन स्टडीज म्हणतात आणि त्यात इतिहास, साहित्य, धर्म, वारसा सगळं एकत्र येतं, त्यामुळे नवीन माणूस आधी गडबडतोच.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात जाड पुस्तकाने करू नका. पहिल्याच पानावर दानगुन राजा आणि इ.स.पू. 2333 हे साल भेटतं, अस्वलाची बाई होते, मग तीन राज्यं, त्यांचे राजे, त्यांच्या लढाया, आणि पन्नासाव्या पानापर्यंत माणूस गळतो. त्यापेक्षा एक छोटा अस्सल मजकूर पकडा आणि त्याच्या मागे लागा, बाकीचं सगळं त्याला लागेल तसं शिका. कुठला मजकूर ते खाली पाचव्या पायरीत सांगते, त्याआधी थोडी तयारी लागेल.

पायरी 1: लिपी, आणि तिच्या मागची दुसरी लिपी

हंगुल आठवड्याभरात येते. आज वापरात 24 अक्षरं आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर, आणि व्यंजनाला स्वर जोडून एक घर बनवायचं हे देवनागरीवाल्याला काही नवीन नाही. राजा सेजोंगने ती 1443 मध्ये तयार केली, 1446 मध्ये जाहीर केली, तेव्हा अक्षरं 28 होती.

आता गोम अशी की हंगुल आली म्हणजे कोरियाचा जुना इतिहास वाचता आला असं नाही. लिपी जाहीर झाल्यावरही साडेचारशे वर्षं दरबाराचं कामकाज, विद्वानांचे ग्रंथ, बहुतेक बौद्ध लेखन हे सगळं शास्त्रीय चिनीतच चालू राहिलं, त्याला कोरियन लोक हानमुन म्हणतात. सरकारी कागदात हंगुलला मान मिळाला तो 1894 च्या सुधारणांत. पेशवाईवर काम करायचंय पण मोडी येत नाही, अशातला प्रकार आहे हा.

घाबरायचं कारण नाही कारण महत्त्वाच्या साधनांची आधुनिक कोरियन भाषांतरं झालेली आहेत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोरियन नीट, मग हळूहळू चिनी अक्षरं म्हणजे हान्जा. दक्षिण कोरियात शाळेसाठी 1,800 हान्जांची यादी ठरलेली आहे, ती घ्या आणि रोज थोडी थोडी घोटा. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या 6 लेव्हल असतात, त्यातली चौथी होईपर्यंत अभ्यासाचे लेख मूळ कोरियनमधून वाचताना घाम फुटतो, त्यामुळे तोवर इंग्रजी आणि कोरियन शेजारी शेजारी ठेवून वाचायला लाज वाटून घेऊ नका.

पायरी 2: सांगाडा एका कागदावर

हे एकदाच करा आणि भिंतीवर लावा. गोगुर्यो, बेकजे, सिल्ला ही तीन राज्यं. 668 पर्यंत सिल्लाने बाकीची दोन संपवली, उत्तरेला 698 ते 926 बाल्हे. 918 ते 1392 गोर्यो. 1392 ते 1897 जोसॉन. मग 1910 पर्यंत कोरियन साम्राज्य. 1910 ते 1945 जपानी राजवट. मग फाळणी आणि 1950 ते 1953 चं युद्ध. सुरुवातीला एवढं बास.

एक गोष्ट मात्र लगेच समजून घ्या, तारखा. जुन्या घटनांची नावं वर्षाच्या नावावरून पडलेली असतात, इमजिन म्हणजे 1592 ची जपानी स्वारी, ब्योंगजा म्हणजे 1636 ची मांचूंची स्वारी, गप्सिन म्हणजे 1884 चा बंडाचा प्रयत्न. ही 60 वर्षांची फिरती नावं आहेत, आपल्या पंचांगात प्रभव, विभव करत 60 संवत्सरं फिरतात तशीच, त्यामुळे नुसतं इमजिन म्हटलं तर 1592 पण असू शकतं आणि 1652 पण, संदर्भ बघूनच ठरवावं लागतं. त्यात महिने चांद्र. 1 जानेवारी 1896 पासून तिकडे पाश्चात्य कॅलेंडर आलं, त्याआधीच्या तारखा चांद्र आहेत असं धरून चाला. म्हणजे वरचं ब्योंगजाचं युद्धच घ्या, पुस्तकात 1636 लिहिलेलं असतं पण वर्षाच्या शेवटच्या चांद्र महिन्यात सैन्य याळू नदी ओलांडून आत आलं तेव्हा पाश्चात्य कॅलेंडरने जानेवारी 1637 उजाडला होता. परीक्षक अशा ठिकाणी पेन घेऊन बसलेले असतात.

पायरी 3: स्पेलिंगचा वैताग

इंग्रजीत कोरियन नावं लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक 1930 च्या दशकातली मॅकून-रायशावर, दुसरी 2000 साली सरकारने आणलेली. पहिलीत 'च' आणि 'क' ने सुरू होणारी नावं दुसरीत 'ज' आणि 'ग' ने सुरू होतात, म्हणजे चोसॉन आणि जोसॉन एकच, कोर्यो आणि गोर्यो एकच. अमेरिकन युनिव्हर्सिटीतली बरीच पुस्तकं अजून जुन्या पद्धतीत आहेत, कोरियन सरकारी साइट नव्या. लायब्ररीत शोधताना दोन्ही टाकून बघा नाहीतर अर्धी पुस्तकं दिसणारच नाहीत. आणि स्वतः लिहिताना कुठलीतरी एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा.

पायरी 4: शिलोकमध्ये डोकवा

जोसॉनच्या राजांचा शिलोक म्हणजे 1392 ते 1863, 25 राजे, 472 वर्षांची नोंद, 1,893 खंड. युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डमध्ये 1997 पासून आहे. आणि हे अख्खं, मूळ हानमुन आणि शेजारी आधुनिक कोरियन भाषांतर, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कोरियन हिस्टरीच्या साइटवर फुकट, शब्द टाकून शोधता येतं. आपल्याकडे एकेका दफ्तरासाठी लोकांनी किती खेटे घातलेत ते आठवलं की हेवा वाटतो.

पण ते बनायचं कसं हे समजलं तरच त्याचा उपयोग. दरबारात इतिहासकार बसलेले असत, ते रोजच्या नोंदी ठेवत, राजा वारला की त्या नोंदींवरून त्याचा शिलोक लिहिला जाई, आणि मग कच्च्या नोंदी पाण्यात धुऊन टाकत, शाई गेली की कागद परत वापरात. राजाने त्या नोंदी वाचायच्या नाहीत हा नियम. 1404 मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला, लागलं नाही, पण उठून इकडेतिकडे बघत म्हणाला की इतिहासकाराला कळू देऊ नका. हे आपल्याला माहीत आहे कारण इतिहासकाराने तेही लिहून ठेवलं, कळू देऊ नका म्हणाला त्यासकट.

ही गोष्ट सगळ्यांना आवडते आणि इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं शिलोक म्हणजे निखळ सत्य. तसं नाही. 1498 मध्ये एका कच्च्या नोंदीवरूनच राजा यॉनसानच्या काळात विद्वानांची कत्तल झाली, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मानेवर तलवार होतीच. राजा सॉन्जोचे तर दोन शिलोक आहेत, एक मूळ आणि एक सुधारित, कारण मधे दरबारात गट बदलला आणि नव्या गटाला जुन्याचं लिखाण पटलं नाही. आणि शेवटच्या दोन राजांचे, गोजोंग आणि सुन्जोंगचे शिलोक जपानी राजवटीत लिहिले गेले, म्हणून ते युनेस्कोच्या वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. तर व्यायाम असा करा: 1592 च्या स्वारीतली एक घटना घ्या, सॉन्जोच्या दोन्ही शिलोकात शोधा आणि कोणाची बाजू कुठे घेतली जातेय ते दोन पानांत लिहून काढा. हे दोन पानी टिपण पुढे अ‍ॅडमिशनच्या वेळी पन्नास ड्रामांच्या यादीपेक्षा जास्त कामाला येईल.

शिलोक पचला की राजाच्या सचिवालयाची रोजनिशी, सुंगजोंगवॉन इल्गी, ती 3,243 खंडांची आहे आणि त्याहून बारीक. ती लगेच नको.

पायरी 5: आपल्या हाताशी असलेला मजकूर

आता तो छोटा मजकूर. सिल्लाचा एक भिक्खू होता हेचो, 8व्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेला, चीनमध्ये शिकला, तिथून समुद्रमार्गे भारतात आला, साधारण 720 च्या दशकात इथे हिंडला आणि मध्य आशियातून 727 मध्ये परत चीनच्या हद्दीत पोहोचला. त्याच्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित 1908 मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओला चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलं, सुरुवात आणि शेवट गायब, उरलेली जेमतेम 6,000 अक्षरं. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हेचो सिल्लाचा होता हे पक्कं झालं ते 1915 मध्ये, जपानी अभ्यासक ताकाकुसूमुळे. इंग्रजी भाषांतर मिळतं, एका संध्याकाळी वाचून होतं.

मी याच्यावर का अडून बसले आहे ते सांगते. हेचो लिहितो की मध्य भारतातून दक्षिणेला तीन महिन्यांहून जास्त चालून तो दक्षिण भारताच्या राजाच्या ठिकाणी पोहोचला, राजाकडे 800 हत्ती आहेत, आणि डोंगरात नागार्जुनाचा म्हणून सांगितला जाणारा मोठा विहार आहे. हा राजा बदामीच्या चालुक्यांपैकी असं सहसा मानलं जातं, म्हणजे विजयादित्य, 696 ते 733, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता. त्याच्या आधी शे-पाऊणशे वर्षं ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला होता, त्याचं वर्णन लांबलचक आणि माहितीने भरलेलं, हेचोचं तुटक, दोन-चार ओळींत एक प्रदेश उरकणारं, पण मधेच कविता. दक्षिणेतच त्याने एक कविता लिहिली, चांदण्या रात्री घराच्या वाटेकडे बघतोय, ढग तिकडे निघालेत, पण पत्र न्यायला इथे हंसही नाहीत तर माझी खबर गेरिमला कोण नेणार. गेरिम म्हणजे त्याचं सिल्ला. इतिहासाचं साधन आणि साहित्य एकाच पानावर मिळतं ते असं.

आणि या एका मजकुरातून सगळ्या वाटा फुटतात. सिल्लाचा बौद्ध धर्म, चीनमधलं भिक्खूंचं शिक्षण, हानमुन, हस्तलिखितं पॅरिसला कशी गेली, आणि आपल्या बाजूचे चालुक्यांचे ताम्रपट. मराठी विद्यार्थ्याला इथे खरोखर काहीतरी नवीन म्हणता येईल कारण ही दुसरी बाजू माहीत असलेले कोरियन अभ्यासक तुलनेने थोडे.

याच्या उलट एक मोहाची जागा आहे, तिला जपून. अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असेलच. राणीचं नाव हो ह्वांगओक, ती इ.स. 48 मध्ये आयुता नावाच्या देशातून जहाजाने आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं, असं साम्गुक युसा या ग्रंथात आहे. पण तो ग्रंथ भिक्खू इर्यॉनने 1280 च्या दशकात लिहिला, आणि त्यातला हा भाग 11व्या शतकातल्या एका मजकुराचा संक्षेप, म्हणजे घटना आणि कागद यांत हजार वर्षांचं अंतर. आयुता म्हणजे अयोध्याच हे नावाच्या साम्यावरून. अयोध्येत 2001 मध्ये राणीचं स्मारक झालं, गिम्हेमध्ये तिची म्हणून मानलेली समाधी आहे, तिथले किम आणि हो घराण्याचे लोक तिला पूर्वज मानतात, हे सगळं आजचं वास्तव आहे आणि अभ्यासाचा उत्तम विषय आहे, फक्त विषय हा की ही कथा कधी, कोणी, कशासाठी सांगितली. 'प्राचीन भारत-कोरिया संबंध सिद्ध' अशा शीर्षकाचा पेपर लिहिलात तर मुलाखतीत फार वाईट वेळ जाईल.

पायरी 6: धर्म, खाने न पाडता

2015 च्या जनगणनेत दक्षिण कोरियात 56 टक्के लोकांनी धर्म नाही असं सांगितलं, प्रोटेस्टंट जवळपास 20, बौद्ध साडेपंधरा, कॅथलिक 8 च्या आसपास. हा आकडा बघून लोक म्हणतात नास्तिक देश. पण त्याच धर्म नाही म्हणणाऱ्या घरांतूनही पितरांसाठी जेसा मांडला जातो, कोणी परीक्षेआधी विहारात जाऊन येतं, कोणी दुकान उघडायच्या आधी मुदांगला विचारतं. मुदांग म्हणजे अंगात येणारी, गुत हा विधी करणारी. आपल्या गावाकडचं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजायला पुस्तक लागत नाही, उलट पाश्चात्य विद्यार्थ्यांपेक्षा थोडं पुढूनच सुरुवात होते.

बौद्ध धर्म गोगुर्योत 372 मध्ये, बेकजेत 384 मध्ये, आणि सिल्लात राजमान्यता 527 मध्ये, हे पाठ करा. वॉनह्यो आणि जिनुल या भिक्खूंची दोन नावं घ्या, बाकीचे नंतर. जोसॉनने कन्फ्यूशियन विचार राज्याचा पाया केला आणि बौद्ध धर्माला बाजूला सारलं, विहार डोंगरात का याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. कन्फ्यूशियन बाजूला तोएग्ये आणि युल्गोक हे विद्वान, 1,000 आणि 5,000 वॉनच्या नोटांवर दोघे आहेतच.

मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतं ते कॅथलिक धर्माचं येणं. मिशनरी नंतर आले, पुस्तकं आधी. बीजिंगहून आलेली चिनीतली ख्रिस्ती पुस्तकं काही तरुण विद्वानांनी वाचली, त्यातला यी सुंगहुन 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि यांनी स्वतःच चर्च सुरू केलं. मग प्रश्न आला पितरांच्या नावाच्या, पुजल्या जाणाऱ्या पाट्यांचा, 1791 मध्ये यून जिचुंगने आईच्या मरणानंतर कन्फ्यूशियन विधी नाकारले, पाट्या जाळल्या, आणि त्याला मृत्युदंड झाला. त्यापुढे 1801, 1839, 1866 असे छळाचे मोठे फेरे. आणि 1860 मध्ये चोए जेउने या 'पाश्चात्य विद्ये'ला उत्तर म्हणून 'पूर्वेची विद्या', दोंगहाक, काढली, तिच्यातूनच 1894 चा शेतकऱ्यांचा उठाव. धर्माचा पेपर म्हणून वाचायला घेतलेलं असं जमीन, कर आणि जपान-चीन युद्धापर्यंत जाऊन पोहोचतं.

पायरी 7: साहित्य

सिल्लाच्या ह्यांगगा कविता आज फक्त 25 उरल्यात, 14 वरच्या साम्गुक युसामध्ये आणि 11 भिक्खू ग्युन्योच्या. त्यांच्या वाटेला लगेच जाऊ नका, चिनी अक्षरांनी कोरियन उच्चार लिहिलेत, तज्ज्ञही एकमेकांशी भांडतात. सिजो घ्या, तीन ओळींची कविता, ह्वांग जिनी या कवयित्रीच्या सिजोने सुरुवात करा. मग पान्सोरी, एक गाणारा आणि एक ढोलवाला, तासन्तास चालणारी कथा, ती आधी ऐकायची आणि मग वाचायची.

आधुनिकमध्ये यी ग्वांगसूची 1917 ची कादंबरी पहिली आधुनिक कादंबरी म्हणून शिकवतात आणि तोच माणूस पुढे जपानी राजवटीला सामील झाला, हा डाग वर्गात दरवर्षी चघळला जातो. कवी यून दोंगजू उलट टोकाला, 1945 मध्ये जपानमधल्या फुकुओकाच्या तुरुंगात वारला. हान कांगला 2024 चं नोबेल मिळाल्यापासून तिची पुस्तकं आपल्या दुकानांतही दिसतात, वाचा, पण ग्वांगजू शहरातल्या, सैन्याने चिरडलेल्या उठावावरची कादंबरी वाचताना मे 1980 मध्ये तिथे काय झालं त्याची कागदपत्रंही शेजारी ठेवा, ती 2011 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

पायरी 8: वारसा बघताना

ग्योंगबोकगुंग राजवाडा 1395 चा, पण 1592 मध्ये जळला, 1860 च्या दशकात परत बांधला, जपान्यांनी बराच पाडला, आणि आज दिसतो त्यातला बराचसा भाग अलीकडे उभारलेला आहे. सुंगन्येमुन दरवाजा 2008 मध्ये जाळला गेला, 2013 मध्ये परत उघडला. त्यामुळे कुठलीही वास्तू समोर आली की पहिला प्रश्न हा, की यातलं कुठलं लाकूड कुठल्या सालचं. हेइन्सा विहारातले बौद्ध ग्रंथ छापायचे 81,258 लाकडी ठसे मात्र 13व्या शतकातलेच. जुन्या पुस्तकात 'राष्ट्रीय ठेवा क्रमांक 1' असं दिसेल, ते क्रमांक 2021 मध्ये वापरातून काढले, आणि वारसा खात्याचं नावही 2024 मध्ये बदललं. तुमच्या लेखात नवीन वापरा.

पायरी 9: अ‍ॅडमिशन आणि पैसे

भारतात दिल्लीला जेएनयू आणि दिल्ली युनिव्हर्सिटी या ठरलेल्या जागा. कोरियात फक्त याच विषयासाठी असलेली संस्था म्हणजे सेओंगनामची अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज, 1978 ची, तिचा ज्ञानकोश ऑनलाइन फुकट आहे आणि शंका आली की आधी तिथेच बघायचं.

स्कॉलरशिपमध्ये सगळे जीकेएसच्या, म्हणजे कोरियन सरकारच्या स्कॉलरशिपच्या मागे असतात, ते बरोबरच आहे. एमए-पीएचडीसाठी साधारण फेब्रुवारीत जाहिरात येते, वय 40 च्या आत, मार्क 80 टक्क्यांच्या वर, एम्बसीतून किंवा युनिव्हर्सिटीतून असे दोन मार्ग, एकावेळी एकच. आधी वर्षभर भाषा, टोपिक 3 मिळाली तरच पुढे. पाचवी लेव्हल असेल तर ते भाषेचं वर्षही लागत नाही. स्टडी प्लॅनमध्ये 'मला कोरियन संस्कृती आवडते' हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी कुठला मजकूर, कुठली आवृत्ती, कुठला प्रश्न हे लिहा, वरच्या चौथ्या किंवा पाचव्या पायरीतलं टिपण इथे वापरायचं.

कागदपत्रांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागतं, त्याला आपल्याकडे किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून जाहिरातीची वाट न बघता दिवाळीनंतरच कामाला लागा. आणि नावाचं आत्ताच तपासा. आपल्या बऱ्याच मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, काहींवर आईचंही, आणि पासपोर्टवर वेगळंच. तिकडच्या ऑफिसला ही एकच व्यक्ती आहे हे कळत नाही, ते थेट फॉर्म बाजूला ठेवतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट इंग्रजीत करून घ्या, आणि फॉर्मवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग टाका, शिफारसपत्र देणाऱ्या सरांना-मॅडमनाही तेच स्पेलिंग लिहून द्या.